चौकटीवरच्या रेघा

धाकटीच्या आईस आशीर्वाद.

देवाच्या दयेने मी खुशाल आहे, खोकलाही कमी आहे. तुझा गुडघा कसा आहे?

मी कामाला आलोय तो देश ज्यांनी स्वतंत्र केला, त्या पुढाऱ्यांच्या घराची दारं सध्या पॉलिश करतोय. एका चौकटीवर त्यांच्या मुलीची उंची मोजलेल्या रेघा दिसल्या. खालच्या एकमेकींजवळ, शेवटची मात्र एकदम हातभर वर. मला कोडंच पडलं. राखणदाराला विचारलं.

तो हसला. "अहो मिस्त्री, मधे साहेब तुरुंगात होते. आई मोजायला गेली की पोरगी पळायची. म्हणायची, बाबा येऊ देत."

चौकातल्या त्यांच्या पुतळ्याखाली हे लिहिलेलं नाही.

मुकादम आणखी वर्षभर राहा म्हणतोय. आपली धाकटी कुठवर आली गं? नको, मोजू नकोस. मी येतोय.

धाकटीचे बाबा