आबांचा वीतभर ट्रक आणि फटीच्या पेट्या

अमळनेर,
ता. २४ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप जीवराम आबांस,

धाकटा चुलतभाऊ हिलाल याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडे आम्ही खुशाल आहोत, फक्त रत्नाचा गुडघा आणि घरातली पाण्याची मोटर एकाच आठवड्यात बसली. मोटर दुरुस्त झाली. धुळ्याला थंडी पडू लागली असेल, कानटोपी घालत जा. काचबिंदूने तुमचे डोळे नेल्यापासून आलेली पत्रं कमलवहिनीच वाचून दाखवतात हे मला ठाऊक आहे, म्हणून त्यांनाही याच ओळीत नमस्कार. (वहिनी, कंसातला मजकूर फक्त तुमच्यासाठी. तो मोठ्याने वाचायचा नाही. कंस आला की खोकायचं, म्हणजे आबांना संशय येणार नाही.)

(आखाजीच्या सणाला तुम्ही फोनवर रडलात, त्या दिवसापासून मला जेवण गोड लागत नाही. आबा भिंतीकडे तोंड करून बसतात, काहीही विचारलं तरी 'हूं' म्हणतात, आणि भाजी खारट झाली तरी रागावत नाहीत, असं तुम्ही म्हणालात. ज्या माणसाचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू यायचा, तो खारट भाजीवर गप्प बसतो म्हणजे प्रकरण गंभीर आहे. पुढचं सगळं मी त्यासाठीच केलं. आता खोकणं थांबवा आणि पुढे वाचा.)

तर आबा, सांगायची गोष्ट अशी की मी ट्रक बांधला. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालो तेव्हा आमच्या स्वप्नीलने पुण्याहून एक खोकं पाठवलं होतं, बापाला विरंगुळा म्हणून. त्यात परदेशी फौजेच्या ट्रकचे प्लॅस्टिकचे सुटे भाग होते, तीनशे बारा. खरा ट्रक जिथे पस्तीस इंच, तिथे हा एक इंच, म्हणजे अख्खी गाडी वीतभर. दोन वर्षं ते खोकं कपाटावर पडून होतं. तुमचे डोळे गेले तेव्हा मनात आलं की आबांना आता दिसत नसलं तरी त्यांची बोटं आहेत. सतरा वर्षं फौजेत जो शक्तिमान ट्रक चालवला, तो त्यांच्या हातात द्यावा. शक्तिमान काही त्या खोक्यात नव्हता. त्याचं नाक मी साबणाच्या डबीतून कापून काढलं. स्टिअरिंग तर डाव्या बाजूला होतं, ते उपटून उजवीकडे बसवलं. (डावीकडे बोट खोलात गेलं तर ते भोक माझं आहे, गाडीचं नाही.) चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या परीक्षानळ्या धुणाऱ्या माणसाने चिमट्यात आरसा धरून तो आरशाच्या जागी लावला, तेव्हा मी स्वतःच खुर्चीवरून उठून उभा राहिलो, इतका आदर वाटला.

दसऱ्याला घात झाला. रत्नाने स्कूटर, शिलाई मशीन आणि माझा ट्रक अशी ओळीने पूजा मांडली. तिचं म्हणणं बरोबरच होतं, घरात नवीन गाडी आली आणि ती फौजेची, म्हणजे शस्त्रात धरा नाहीतर वाहनात धरा, पूजा दोन्हीकडून लागू. हळदीकुंकू झालं, झेंडूचं एकच फूल वाहिलं तर समोरची काच दिसेनाशी झाली. मग तिने रीतीप्रमाणे पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबू चाकापेक्षा मोठं. गाडी लिंबावरून गेली पाहिजे, नाहीतर अपशकुन, म्हणून तिने टपावर अंगठा ठेवून दाबली. लिंबाला काही झालं नाही. पुढचा आख मधोमध मोडला आणि दोन्ही चाकं नमाजाला वाकल्यासारखी आत वळली. रत्ना दिवसभर माझ्याशी बोलली नाही, कारण चूक तिची होती.

मोडका ट्रक बुटाच्या खोक्यात घालून मी आगगाडीने जळगाव आणि तिथून बसने नशिराबादला गेलो. तिथे सत्तारभाई सुतार आहेत, आमच्या कॉलेजच्या बाकांचं काम त्यांच्याकडे असायचं. दारं, चौकटी, पलंग हे त्यांचं काम. म्हटलं, आख लाकडाचा करून द्या. त्यांनी ट्रक तळहातावर घेतला, मग उठून हात धुऊन आले आणि पुन्हा घेतला. आख त्यांनी बाभळीचा केला, सुईएवढा. मी थक्क होऊन बघत बसलो. मग त्यांनी विचारलं, मागे माल काय भरायचा? मी म्हटलं, पेट्या, पण प्लॅस्टिकच्या नकोत, कारण ज्यांच्यासाठी आहेत ते बोटांनी बघणार आहेत. एवढं सांगितल्यावर त्यांनी हातातलं चौकटीचं काम बाजूला ठेवलं. त्यांचा नियम आहे, आत काय ठेवायचं ते कळल्याशिवाय पेटीला हात लावायचा नाही. "भाऊ, पेटी आतल्या मालाची होते, बाहेरची नाही," असं म्हणाले. मी छाती पुढे काढून सांगितलं, बारूद! आणि तुम्ही लग्नाकार्यात सांगायचा ती गोष्ट त्यांना तुमच्याच बोलीत ऐकवली: "मांगे बठ्ठं बारूद शे, मोरे दरी शे, आते सांग, ब्रेक दाबू का नको?" मागे सगळं बारूद आणि पुढे दरी, हे ऐकत ऐकत आम्ही सगळी पोरं मोठी झालो, आबा. माझे आता केस गेले, पण अजून अंगावर काटा येतो.

खात्री म्हणून मी तो फोटो दिला, तुम्ही ट्रकला टेकून उभे आहात आणि मागचं फळकं उघडं आहे तो. आमच्या ओट्यावरच्या खोलीत पन्नास वर्षं टांगलेला. सत्तारभाईंनी चष्म्यावर भिंग धरलं आणि फोटोत जशा दिसतात तशाच पेट्या करायला घेतल्या. पॅकिंगच्या जुन्या पेटीची फळी रंध्याने इतकी पातळ काढली की फुंकर मारली तर उडावी. पंख्याच्या तारेचे तुकडे कापून खिळे केले, एका पेटीला चोवीस. काडेपेटीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी पेटी, पण सांधा असा की माझं नख अडकलं नाही. तीन वेळा केली आणि तीन वेळा मोडली, कारण कोपरा त्यांच्या अंगठ्याला पटेना. पटली तेव्हा त्यांनी ती आईच्या हातात दिली. अमिनाबींना नव्वदीत दिसत नाही, म्हणून हीच खरी परीक्षा. (वहिनी, आता जरा जपून वाचा.) म्हातारीने पेटीवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, आणि म्हणाली, "टमाटे की पेटी है ये. हवा लगने को फट छोड़ी है. इस में बारूद कौन भरेगा रे?" तरुणपणी त्यांनी व्यापाऱ्याकडे अशा पेट्या भरल्या होत्या.

मी हसलो. मग भिंग मी घेतलं. आबा, फोटोतल्या प्रत्येक पेटीला फटी आहेत. दोन बोटांच्या. एका फटीतून काहीतरी गोल दिसतंय, आणि ते बॉम्ब नाही.

त्या दिवशी परतीच्या गाडीत माझ्या मनाची जी गत झाली ती काय सांगू. भडगावच्या लग्नात तुम्ही उभ्या पंगतीला बारूद ऐकवलं होतं, वाढपी वरण घेऊन तसेच थांबले होते, ते आठवलं आणि राग आला. मग गाडी अमळनेरला येता येता राग उतरला आणि त्या जागी जे आलं ते अजून गेलेलं नाही. मी बाजारातून घरापर्यंत स्कूटरवर दोन किलो टोमॅटो आणतो आणि त्यातला पाव किलो रस होतो. तुम्ही तीन टन नेलेत! डोंगरातल्या रस्त्याने, चार चार दिवस, रात्री गोठू नयेत म्हणून (हा माझा अंदाज) स्वतःची घोंगडी पेट्यांवर टाकून. बारूद मागे असलं की कोणीही सावकाश चालवेल, जीव आहे ना. टोमॅटोसाठी कोण ब्रेक जपून दाबतो? वर बर्फात पहाऱ्यावर बसलेल्या फौजेच्या पोरांच्या ताटात काहीतरी लाल पडावं म्हणून तुम्ही दाबलात. मला तर वाटतं की तुमची खरी गोष्ट तुम्ही सांगितलेल्या गोष्टीपेक्षा मोठी आहे, आणि ती तुम्ही कोणालाच सांगितली नाहीत. मी खोटं बोलत असेन तर माझ्या हातून चिमटा सुटो. गेला महिनाभर मी त्या वीतभर ट्रकसमोर चहा घेऊन बसतो आणि चहा गार होतो.

रत्ना म्हणते, पत्र फार लांबलं, आबांना त्रास होईल. म्हणून आवरतो. प्रकृतीला जपा, थेंब वेळेवर घाला.

तुमचा,
हिलाल

ता. क. ट्रक येत्या रविवारी घेऊन येतो. सत्तारभाईंनी दोन्ही माल तयार ठेवलाय: वीस पेट्या फटीच्या, आणि वीस बंद, बारुदाच्या. फटीच्या पेट्यांत कुंकवाच्या रंगात बुडवलेले राजगिऱ्याचे दाणे आहेत, एकेक टोमॅटो मोजून. काय भरू ते एका शब्दात कळवा. तुम्ही बारूद म्हणालात तर बारूद. या विषयावर मी मरेपर्यंत तोंड उघडणार नाही, आणि अमिनाबी धुळ्याला येत नाहीत.

ता. क. दुसरा. (वहिनी, हे तुमच्यासाठी. तुम्ही कंसातलं सगळं मोठ्याने वाचलंत हे मला माहीत आहे. एकोणपन्नास वर्षांत तुम्ही आबांपासून काही लपवलं नाहीत, त्या भरवशावरच मी कंस घातले. मला टोमॅटोचं उत्तर नको. आता पत्र खाली ठेवा आणि त्यांच्या तोंडाकडे बघा. भिंतीकडून इकडे वळलेत का? मला काही म्हणताहेत का? सोबत तिकीट लावलेलं पाकीट आणि कोरा कागद ठेवलाय. जी शिवी देतील ती शब्दशः लिहून पाठवा, लाजू नका, माझे आई-वडील वगळू नका. जागा पुरली नाही तर मागच्या बाजूलाही लिहा.)