दुकानवालीच्या तोंडचं ‘हो’

बाबा, मी सध्या एस.टी. स्टँडजवळच्या सायबर कॅफेत कामाला बसतो. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं, ते आईनं तुमच्या फोटोपुढे उभं राहून सांगितलंच असेल. प्रॅक्टिकलच्या सरांनी सगळ्यांदेखत “गावची भाषा गावात ठेवून येत जा” म्हटलं. मी जर्नल त्यांच्या टेबलावर आपटलं आणि बाहेर पडलो, तो बाहेरच राहिलो. पण आज लिहायला बसलो होतो ते दुसरंच. इंटरनेटवर आमच्यासारख्या पोरांचा एक अड्डा आहे. तिथल्या नव्या पोरांनी विचारलंय की गेममधली चित्रं घेऊन कॉमिक करायचं तर सुरुवात कशी करायची. मी त्यातला जुना, म्हणून ते काम माझ्यावर आलं. अर्धं लिहून झालं आणि हात थांबला. तो का, ते तुम्हाला सांगायचंय.

तुम्ही शेवटच्या शिमग्याला मुंबईहून टीव्हीला जोडायचा गेम आणला होतात, पिवळ्या कॅसेटीवाला. त्यातला शिपाई उड्या मारत पळायचा. तुम्ही बराच वेळ बघून म्हणालात, “हा बोलत का नाय रे?” त्याचंच काम आता मी करतो. त्या शिपायाची उभी, धावती, पडती अशी सगळी चित्रं कुणीतरी गेममधून सुटी करून एका पानावर लावून ठेवलेली असतात. त्यांना स्प्राइट म्हणतात. ती उचलायची, चौकटीत बसवायची, डोक्यावर फुगा काढायचा आणि त्यात बोलणं लिहायचं.

नव्यांना मी लिहिलंय की चित्र जेपेगमध्ये सेव्ह करू नका, कडांना मळ चढतो, तो मग कशानं जात नाही. माणूस ओढून लांब करू नका. मोठा करायचाच तर दोन्हीकडून बरोबर दुप्पट करा, नाहीतर एक डोळा वाटाण्याएवढा आणि एक मोहरीएवढा होतो. आरशासारखा उलटवलात तर उजव्या हातातली तलवार डाव्यात जाते, वाचणारा ते बरोबर पकडतो. ज्यानं चित्रं सुटी केली त्याचं नाव खाली द्या, कष्ट त्याचे आहेत. लाइट जाणारच आहे असं समजून दर चौकटीला सेव्ह करा. आणि बोलणं आधी लिहा, चित्रं मागाहून. चित्रं तयारच आहेत, ती कुठे पळून जात नाहीत.

इथवर सरळ होतं. पुढे लिहायचं होतं ते तुमचं.

वर्षातले पंधरा दिवस तुम्ही मला मिळायचात आणि त्यातले निम्मे लुगड्यात. मुंबईच्या छापखान्यात काम करणारा मिशीवाला माणूस मिशी उतरवून शिमग्याच्या खेळात, नमनात, मावशी व्हायचा. सोंगं दरवर्षी तीच. गवळणी बाजाराला निघणार, पेंद्या वाट अडवणार, मावशी त्याची खोड मोडणार. बोलणं मात्र दरसाल नवं, कागदावर काही नसलेलं. दुपारी खळ्यात तुम्ही तालीम करताय. मी हट्टानं पेंद्या झालोय. “मावशी, मडक्यात काय?” मी विचारतो आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत मीच बायकी आवाजात ओरडतो, “तुझ्या बापाचं कपाळ!” सगळे हसतात. तुम्ही तेवढे हसत नाही. पदर कमरेला खोचत म्हणता, “आरं, दोघांचं तूच बोललास तर मी मुंबयसून आलो कशाला? सवाल टाक नि गप ऱ्हा. जवाब समोरच्याचा. नाय दिला तर तोपण त्याचाच.” मला तेव्हा रडू आलं होतं. पुढच्या शिमग्याआधी तुम्ही गेलात.

आता तिचं. ती माझ्या वर्गात होती, तिचे वडील इथेच शाळेत शिकवतात. कॅफेत एकदा मागे उभी राहून म्हणाली, “तुझा शिपाई येतो, पडतो, जातो. घरी कोणी नाही का त्याला?” आणि बाजूची खुर्ची ओढून बसली. तिनं दुसऱ्या एका गेममधली दुकानवाली शोधली. औषधं आणि ढाली विकणारी, काउंटरमागून कधी न हलणारी. शिपाई लढाईला निघतो आणि दुकानवाली त्याला बोलण्यात अडकवते, एवढंच आमचं कॉमिक. बोलणं ती लिहायची, कापाकापी माझी. भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूंच्या सावलीत बसून मोठ्यानं वाचायचो, दुकानवालीचं ती, शिपायाचं मी. “ढाल घे.” “कालच घेतली.” “मग परत कर, म्हणजे उद्या यावं लागेल.” असलं लिहायची ती. मी कॉलेज सोडलं तेव्हा ती चिडली नाही, फक्त म्हणाली, “आपटायला जर्नलच मिळालं का?” मग पदवी घेऊन पुण्याला नोकरीला गेली.

तिच्याकडून बोलणं येईना झालं. मी दोन महिने थांबलो आणि एक भाग एकट्यानं केला. शिपाई काउंटरपाशी येतो, तलवार खाली ठेवतो आणि विचारतो, “माझ्याबरोबर येशील?” पुढच्या चौकटीत दुकानवाली म्हणते, “हो.” अड्ड्यावर पोरांनी डोक्यावर घेतलं. तिला मीच लिंक पाठवली. दुसऱ्या दिवशी कॅफेत फोन वाजला.

“ते ‘हो’ कुणी लिहिलं?”

“मीच. दुसरं कोण आहे इथे?”

“मग विचारलंस कुणाला? स्वतःलाच?”

“अगं, कॉमिक आहे ते! एवढं काय!”

“कॉमिक आहे ना? मग मला कशाला पाठवलंस?”

मी रिसीव्हर आपटला. मालक म्हणाला, “हळू! तुझ्या बापाचा नाय तो.” तेवढं खरं होतं. माझ्या बापाचा फोन दहा वर्षांत आलेला नाही.

त्यानंतर ना तिचा फोन, ना माझा. आणि आज त्या पोरांसाठी लिहिताना वाक्य आलं की पात्र आपल्या हातात आहे म्हणून त्याच्याकडून हवं ते वदवू नका. लिहिलं आणि माझंच मला सहन होईना. मालकाला सांगून समोरच्या फोनच्या बूथवर गेलो. तिचा नंबर पाठ आहे.

“मी बोलतोय.”

“कळलं. बोलायच्या आधी एवढं धापा टाकणारं दुसरं कोणी ओळखीचं नाही.”

“एक विचारायचं होतं.”

“विचार.”

विचारलं. फुग्यात मावेल एवढंच. आणि गप्प राहिलो. बाबा, गप्प राहणं एवढं लांब असतं हे ठाऊक नव्हतं. बाहेर दापोलीची गाडी लागली, कंडक्टर ओरडला, माणसं चढली, गाडी गेली.

“नाही रे,” ती म्हणाली. मग, “जेवलास का?”

“हो,” म्हटलं. जेवलो नव्हतो.

परत येऊन तो ‘हो’वाला भाग काढून टाकला. नव्यांसाठीचं लिहिणं पुरं करून अड्ड्यावर चढवलं. त्यात शेवटी लिहिलंय, समोरच्या पात्राचं उत्तर सुचत नसेल तर एक चौकट मुकी सोडा, घाई करू नका. पोरं आभार मानतायत. हे तुमचं मात्र इथल्या मशीनवर त्याच फाइलच्या तळाशी टाइप करत बसलोय. मालक शटरची काठी घेऊन उभा आहे. खिडकी बंद करताना मशीन विचारेल ठेवायचं का, तेव्हा नको म्हणेन. ठेवून कुणाला दाखवू?

एक मात्र सांगून टाकतो. पेंद्याला जवाब मिळाल्यावर तो पुढे काय करतो, वाटेतून बाजूला होतो, हसतो, की घरी जातो, हे मला माहीत नाही. मी सगळ्यांना सांगत आलोय की बाबांचं नमन मी दरवर्षी शेवटपर्यंत बघायचो. खोटं आहे ते. मावशी तोंड उघडायची आणि मी आईच्या मांडीवर झोपलेला असायचो.