दुसरं दार

लोवाना, ४ ऑक्टोबर

चि. सौ. रोझलिन हिस, मेव्हिसचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

टेकडीवरचं वादळघर एकदाचं उभं राहिलं. तुझा माणूस आपणच आखलेल्या या घराची शेवटची मापं घ्यायला परवा आला होता. तो होडीत बसेपर्यंत मी पास्टरच्या घरामागे बसून राहिले, पण कोनफळ किसून पानात भाजलेलं लापलाप मात्र धाडलं. पास्टरीणबाई म्हणाल्या, साहेबांनी केळीचं पानसुद्धा पुसून खाल्लं. घरी तू काय वाढतेस ते बघ जरा.

एक काळजी आहे. घर दणकट आहे, पण खोली एक आणि दारही एकच. वारा सुटला की सगळं गाव त्यातच जाणार. जाणत्या भावासमोर बहीण येत नाही, तो बसलाय त्या खोलीत पाय टाकत नाही. हे मी त्याला शिकवायचं का? एकाच आईच्या पोटचे आम्ही, आणि शहरात जाऊन हा विसरला. मला त्याच्याशी बोलता येत नाही म्हणून तुझ्याकरवी सांगते. मधे बांबूची भिंत घाल म्हणावं, आणि टेकडीच्या अंगाला दुसरं दार पाड. नाहीतर बायका बाहेर राहतील, आणि त्यात पहिली मी असेन.

मुलींना पापे. लोभ वाढव म्हणत नाही, वाऱ्यापावसात टिकव म्हणजे झालं.

तुझी नणंद, मेव्हिस

लुगनव्हिल, १९ ऑक्टोबर

ती. मेव्हिस वन्संना रोझलिनचा सा. न. वि. वि.

तुमचा निरोप मी जेवतानाच सांगितला. टारीने हातातला घास खाली ठेवला. म्हणाला, नकाशावर ऑफिसचा शिक्का बसलाय. दार हलवायचं तर नवा नकाशा हवा, आणि तोवर वाऱ्याचे दिवस येऊन ठेपतील. पुढच्या वर्षी नक्की करू. छप्पर उडायला लागलं की रीतभात कुणाला आठवते, असंही म्हणाला. मी टोमणा मारला, की बायबलच्या वर्गात ताई आली म्हणून खिडकीतून उडी मारणारे तुम्हीच ना? हसला, आणि हात धुवायला उठला.

गावाला दुसरं दार मिळत नाही, पण आमच्या स्वयंपाकघराला मात्र मागे एक बिनकामाचं दार पाडून ठेवलंय. त्यातून शेजारणीच्या कोंबड्या आत येतात. खिळे ठोका म्हटलं की ऐकत नाही.

वाऱ्याची वर्दी आली की कसाव्याची खोडं छाटायला विसरू नका, नाहीतर कंद उपटून जातील, असं तुमच्या भावानेच सांगायला सांगितलंय. तुम्हालाच शिकवतोय, मोठा शहाणा.

माया आहे तशीच असू द्यावी.

आपली, रोझलिन

लोवाना, २३ जानेवारी

चि. रोझलिन हिस,

या वेळी 'सौ.' लिहिताना हात थांबला. बातमी तुला वायरलेसवर कळलीच आहे, पण झालं कसं ते तू माझ्याकडूनच ऐकावंस.

वर्दी आल्यावर तो मुद्दाम होडीने आला आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाठीवर घेऊन टेकडी चढला. दुपारी नारळीची झाडं मोडायला लागली तेव्हा सगळे आत गेले. आम्ही अकराजणी बाहेर पाण्याच्या टाकीला धरून उभ्या राहिलो. आमचे भाऊ आत होते. पास्टरीणबाई दोनदा येऊन रागावून गेल्या, तरी माझा पाय उचलेना.

तिसऱ्यांदा त्या त्याचा निरोप घेऊन आल्या. तो म्हणत होता, चूक माझी आहे, आम्ही बाहेर पडतो, ताईला आत जायला सांगा. मग तो निघाला. ताईसमोरून जावं तसा वाकून, तोंड फिरवून, भिंतीच्या कडेकडेने. मीही पाठ केली. त्याच्यामागून बाकीचे भाऊ गेले, मग आम्ही आत शिरलो. ते कोनफळांच्या जुन्या कोठारात बसले. पहाटेच्या आधी आढं कोसळलं. सगळ्यांना बाहेर ढकलून तो शेवटचा राहिला.

तो चौदा वर्षांचा होता तेव्हापासून मी त्याचा चेहरा नीट पाहिला नव्हता. देह धुताना पाहिला. हनुवटी आईची आहे, रोझलिन. मी एक पाऊल उचललं असतं तर तो आज असता. हे मी रोज म्हणते.

वादळघर सोडलं तर गावात एकही घर उभं नाही. आम्हाला जहाजाने लुगनव्हिलला नेणार आहेत, शाळेच्या मैदानावर तंबू आहेत. तुझ्यापुढे कोणत्या तोंडाने येऊ?

मेव्हिस

लुगनव्हिल, ३१ जानेवारी

ती. वन्संना सा. न. वि. वि.

खोटं कशाला लिहू? पाच दिवस मी तुमच्यावर चिडले होते. रीत मोठी की माझा माणूस मोठा, असं भिंतींना विचारत होते. सहाव्या दिवशी आमचं घर बांधणारा सुतार सिमो भेटायला आला. स्वयंपाकघरातल्या कोंबड्या पाहून मी पुन्हा त्या दाराच्या नावाने बोटं मोडली, तर तो रडायलाच लागला. म्हणाला, घर बांधतानाच टारीने बजावलं होतं. ताई कधीतरी दवाखान्यासाठी शहरात येईल. मी पुढच्या खोलीत असलो तरी तिला मागून येता आलं पाहिजे, म्हणून हे दार.

बारा वर्षं मी त्या दाराला नावं ठेवली. त्याने मला कधी सांगितलं नाही, आणि तुम्हीही कधी आला नाहीत.

तंबूत राहायचं नाही. इथे या. मुलींना त्यांच्या बापाचं लहानपण सांगणारं आता दुसरं कोणी नाही.

वाट पाहते.

रोझलिन

लोवाना, ८ फेब्रुवारी

चि. रोझलिन हिस, आशीर्वाद.

गुरुवारी जहाज आहे. बेण्यासाठी चार कोनफळं घेऊन येते.

निघण्याआधी आम्ही अकराजणींनी सकाळी आणि इतरजणींच्या भावांनी दुपारी खपून वादळघराच्या मधे बांबूची भिंत घातली, टेकडीकडची भिंत कुऱ्हाडीने फोडली, आणि तिथे दार बसवलं. त्यावर कुणाचा शिक्का नाही. पुढचा वारा येईल तेव्हा कुणी बाहेर राहणार नाही.

लोक म्हणतात, आता तुला भावाच्या घरी पुढच्या दाराने जायला कोण अडवतंय? खरं आहे, आता कोणीच नाही. तरी मी मागच्याच दाराने येईन. त्याला खिळे ठोकू नकोस.

मेव्हिस