लंबूची सायकल

६ नोव्हेंबर

ती आली होती! दुकानात. आणि मी तोंडाला काजळी फासून ट्यूब फुगवत बसलेलो.

सायकल हाताने ढकलत आणली तिने. जुनी रेसर, बारीक टायरची, निळा रंग विटलेला. म्हणाली, "मिस्त्री, हिच्यावरून टाकीचा डोंगर चढता आला पाहिजे. गिअर फार जड आहेत हिचे."

मिस्त्री! कॉलेजात तीन सेमिस्टर तिच्या मागच्या बाकावर बसलो, तेव्हा नावाने हाक मारायची. मी अर्ध्यात सोडलं, तिने पुरं केलं. असू दे.

विचारलं, "कोणाची आहे?"

"आहे एकाची," म्हणाली आणि हसली.

हसली!! एकाची म्हणजे कोणाची?

७ नोव्हेंबर

दुकान मामाचं. तो नेहमी सांगतो, सायकल वाचायला शिक. गिऱ्हाईक थापा मारतं, सायकल मारत नाही.

वाचली. सीट एवढी वर, की मी बसलो तर पायाची बोटंच काय ती पेडलला टेकतात – म्हणजे उंच. डावं पेडल उजव्याहून जास्त झिजलेलं – डाव्या पायाने रेटणारा. हँडलची पट्टी खालच्या वाकात गुळगुळीत – मान घालून सुसाट जाणारा, शायनिंग मारणारा. चेनवरचं तेल वाळून राळ झालंय, टायरला भेगा – आळशी, एक नंबरचा. आणि स्वतःची सायकल दुकानात आणायला पोरीला पाठवतो!

नाव ठेवलं त्याचं. लंबू.

८ नोव्हेंबर

पुढे बावन्न आणि बेचाळीस दाते, मागे सगळ्यात मोठं चक्र तेवीसचं. असल्या गिअरवर टाकीचा डोंगर म्हणजे मांड्या लोखंडाच्या हव्यात. लंबूच्या नसाव्यात, हॅ हॅ! पुढे याहून लहान बसत नाही. तेव्हा मागचा चक्रांचा अख्खा जुडगा, फ्रीव्हील, बदलायचा, जास्त दात्यांचा घालायचा.

मामा म्हणाला, "अठ्ठावीसचा बास होईल."

मी म्हटलं, "बत्तीस."

"एवढा? भाचेबुवा, त्यावर म्हैसही चढेल."

चढू दे. बत्तीसवर पाय गरगर फिरतात आणि सायकल गोगलगायीसारखी सरकते. जाऊ दे लंबू तसा, तिच्या डोळ्यांदेखत! शाळेतल्या पोरांनी चालत मागे टाकावं त्याला.

जुना फ्रीव्हील निघता निघेना. शेवटी पाना टेबलावरच्या व्हाइसच्या जबड्यात पकडला, त्यावर चाक आडवं बसवलं आणि बसच्या स्टिअरिंगसारखं पिळलं. मनात लंबूची मान धरली, तेव्हा कुठे कट्‌कन सुटला.

मामा : "त्या बिचाऱ्या लोखंडानं काय घोडं मारलं तुझं?"

१० नोव्हेंबर

चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलतो तो डिरेलर. जुन्याचा हात आखूड. बत्तीसला लागते तेवढी चेन त्याला ओढून धरता येत नाही, लोंबायची. मामाच्या भंगाराच्या डब्यात लांब हाताचा एक सापडला! रॉकेलमध्ये बुडवला, ब्रशने घासला, चकचकीत. चेन नवी घातली, चार कड्या जास्त. चेन पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चक्रावर टाकून बघितली – ताणत नाही. दोन्हीकडे लहानावर – लोंबत नाही. झकास! तासभर लंबूबिंबू सगळं विसरलो होतो. कॉलेजात असं कधीच काही विसरलो नाही.

तेवढ्यात तिने दारातून डोकावलं. "शनिवारी न्यायला येते हं. आणि ब्रेक नीट बघ, बाबा. उतार वाईट आहे तो. काळजी वाटते."

काळजी! लंबूची!

मला कॉलेज सोडून दीड वर्ष झालं. 'कसा आहेस' एवढंही विचारलं नाही कधी.

११ नोव्हेंबर

डिरेलरला दोन बारीक स्क्रू असतात. त्यातला एक चेनला मोठ्या चक्राच्या पलीकडे जाऊ देत नाही. तो ढिला असला, तर चढावर शेवटचा गिअर टाकला की चेन थेट तारांत. चाक जाम. माणूस आडवा.

दोन फेरे ढिला केला.

मरत नाही कोणी त्याने. आपटेल फक्त.

१२ नोव्हेंबर

आई म्हणाली, "जेवताना कोणाशी भांडतोयस मनात?" ताट सरकवून उठलो. आवळून टाकावा का? – नाही! काळजी म्हणे!

१४ नोव्हेंबर

डाव्या हाताने लिहितोय. उजवं मनगट प्लास्टरमध्ये.

दुकानाचा नियम – ज्याने गिअर बदलले, त्यानेच सायकल आधी चढावर नेऊन आणायची, मगच गिऱ्हाइकाच्या हातात. आणि गिऱ्हाइकाचं सीटचं माप हलवायचं नाही. शंभरदा पाळलेला नियम, रागात पार विसरलो! काल मामा दारात कमरेवर हात ठेवून उभा. स्क्रूला हात लावायची सोय नाही. म्हटलं, शेवटचा गिअर सोडून चढू.

दुसऱ्या वळणापर्यंत चढलोही. पण तिथे डोंगर भिंतीसारखा उभा राहतो. बोटांच्या टोकांवर पेडल, दम छातीत मावेना. आणि हात आपोआप गेला गिअरच्या लिव्हरकडे! त्याने कोणाला विचारलं नाही.

खर्र. मग आकाश.

मामा टेम्पो घेऊन आला. तारांतून चेन सोडवली. स्क्रूकडे बघितलं, मग माझ्याकडे. एरवी किती ठेवणीतल्या शिव्या देतो! हाडाच्या डॉक्टरकडून परत येताना एवढंच म्हणाला, "वाचलीस म्हणे सायकल. वाळलेली राळ वाचलीस? टायरच्या भेगा? चार-पाच वर्षं तिच्यावर कोणी बसलेलं नाही."

मग लंबू कोण?

रात्री मामाने पाच तारा बदलल्या. स्क्रूला हात लावला नाही. म्हणाला, "तो तुझा."

१५ नोव्हेंबर

ती आली. सायकलशेजारी उभी राहिली. सीट तिच्या बरगड्यांना लागत होती. म्हणाली, "ही खाली कर आधी. दादा सहा फुटी, तो परदेशी गेला तेव्हापासून पडून होती. मला डोंगरावरच्या शाळेत नोकरी लागलीय, मिस्त्री! सोमवारपासून रोज चढायचंय."

मग प्लास्टर दिसलं तिला. "हे काय झालं?"

सांगितलं. लंबू, बत्तीस, दोन फेरे, सगळं.

ती म्हणाली, "कुठला स्क्रू, दाखव."

दाखवला. तिने माझ्या डाव्या हातातून पेचकस घेतला आणि स्वतः आवळला. सीटही स्वतःच खाली केली. आणि माझ्याकडे न बघता सायकलवर बसून चढाच्या दिशेने गेली.