एक खाच सोडून

प्रिय रुपा,

तुझा कॉम्प्युटर आता पळतोय गो! लग्नाचा जो व्हिडिओ बनवायला तुझी सारी दुपार जायची, तो काल कॉम्प्युटरवाल्या कमळाकरनं लावला तर माझा भात शिजेस्तोवर तयार झाला. तो मुरबाडवरून आपणहून आपल्या शेणव्याला आला होता. तू ठाण्याला जायच्या आधी त्याच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, त्याला लबाड म्हणालीस, मेमरीची जुनी पट्टी गळ्यात मारली म्हणालीस, तरी आला. चहा नको म्हणाला, मग दोन कप प्याला.

त्यानं मला समजावलं. मेमरीच्या पट्ट्या दोन, त्यांच्या वाटाही दोन. एकेक आपापल्या वाटेला लागली की दोघींचं काम एकदम चालतं. दोघी एकाच वाटेवर आल्या की एकीनं थांबायचं. मोजायला गेलं तर सोळा जीबीचे सोळाच भरतात, म्हणून तुला कळलं नाय. त्यानं पडद्यावर एक चौकट उघडली, तिथं सिंगल लिहिलेलं होतं. पट्टी एक खाच सोडून बसवली, परत उघडली, तर ड्युअल! इंग्रजी मला कुठलं येतंय, पण शब्द बदलला एवढं मी ओळखलं. काय आनंद झाला म्हणून सांगू.

आता पुढचं लिहायला हात जड होतो. खंडेनवमीला तू पूजेसाठी कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलंस आणि झेंडू आणायला गेलीस. कोयता, विळा, सगळं मी पुसलं होतं, मग हेच का राहावं? कमळाकर पट्टी बसवायला आला होता तेव्हा खाचेचे कान दाबून ती कशी काढतो ते मी पाहिलं होतं. काढल्या, पुसल्या, कुंकू लावलं. आणि जोडीत असं अंतर कशाला, म्हणून शेजारीशेजारी बसवल्या. तू दुकानातून तणतणत आलीस तेव्हा हे माझंच काम असावं असं मला वाटलं होतं. पण मी खाली मान घालून तांदूळ निवडत राहिले.

काल पट्टीवरचं कुंकू कमळाकरला दिसलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, रुमालानं पुसलं, म्हणाला, आजी, रुपाला काय बोलू नका, माझ्याकडूनच सैल राहिली होती असं सांगतो. आणि मी मान हलवली गो! पोरगा माझी लाज झाकतोय आणि मी झाकू देतेय. फोनवर माझं तोंड उघडलं नसतं, म्हणून लिहिते. त्याचा फोन आला तर त्याचं खरं मानू नको. रविवारी ये. मुरबाडला दुकान भरलेलं असेल तेव्हाच जाऊ. आधी मी बोलेन, मग तू.

तुझीच,
ठमी आजी