खांबाजवळची बादली

४ मार्च, मंगळवार

चार खांब! लिंबाच्या बागेचे चार तुकडे, प्रत्येकात एकेक. कमरेइतका उंच, डोक्यावर उन्हासाठी काळी पाटी, खाली झाडाच्या बुडाशी मातीत खुपसलेल्या दोन सळया. त्या ओल मोजतात आणि पोरीच्या फोनला कळवतात. ओल कमी झाली की त्या तुकड्याचा व्हॉल्व आपोआप उघडतो, ठिबकला पाणी सुटतं. पुरे झालं की आपोआप बंद!

विचारलं, "वाफसा कळतो का त्याला?" मूठभर माती दाबायची. गोळा झाला आणि बोट लावताच फुटला की वाफसा — चिखलही नाही, कोरडंही नाही. चाळीस वर्षं हाताने ओळखतोय.

"कळतो की बाबा. टक्क्यांत."

टक्क्यांत! घ्या.

५ मार्च

गुडघा ठणकतोय. ऑपरेशनला सहा महिने झाले, अजून जिना नको वाटतो. आधी ही गेली, मग माझा गुडघा गेला, आणि पोरगी शहरातली चांगली नोकरी सोडून आली. "थोडे दिवस" म्हणाली होती. त्याला तीन वर्षं होतील आता. मी विषय काढत नाही.

९ मार्च, रविवार

बाईसाहेबांनी सळया पुरताना चार झाडांची मुळं उघडी केली! मुळाला धक्का लागला की झाडाला रोज वरून एक बादली पाणी, निदान महिनाभर. एवढं साधं. पण सांगायला गेलो तर हसेल. म्हणून तिला जाग यायच्या आत, सव्वासहाला, मीच चारही झाडांना एकेक बादली घालतो. लंगडत का होईना. झाडं टवटवीत आहेत.

१३ मार्च

शेजारचा नर्सरीवाला कुंपणावरून — "काय हो, झाडं फोन करतात म्हणे आता?" म्हटलं, "करतात. परवा तुझी चौकशी करत होती."

२२ मार्च, शनिवार

खालच्या तुकड्याची जमीन हलकी, तिथेच आधी फळगळ. वाटाण्याएवढी लिंबं झाडाखाली सडा पडल्यासारखी. पानं मिटलेली. माती मुठीत धरली — भुगा! नऊ दिवस एकही व्हॉल्व उघडलाच नव्हता. आणि पोरीच्या फोनवर? ‘ओल भरपूर.’

तिथल्या तिथे डोक्यात प्रकाश पडला. ओल भरपूर होती ती माझ्या बादलीखाली. सळया त्याच झाडाच्या बुडाशी. एका झाडाचं पाणी मोजून यंत्राने सगळ्या तुकड्याला पुरे म्हटलं.

पोरगी गळलेल्या लिंबांत उकिडवी बसली होती. "माझंच चुकलं, बाबा. नीट तपासायला हवं होतं." रडत होती. आणि मी काय केलं? लिंबं वेचत राहिलो. शरम वाटते लिहायला.

२४ मार्च

दोन दिवस बादली बंद. आज सांगूनच टाकायचं म्हणून पंपघराकडे गेलो. ती आत फोनवर, पाठमोरी. जुन्या ऑफिसचे साहेब असावेत.

"यायचंय हो सर. पण इथलं यंत्र अजून भरवशाचं नाही. बाबांवर टाकून कशी येऊ? आठवडाभरात कळवते."

म्हणजे खांब याच्यासाठी होते. बाग आपली आपण चालावी, म्हातारा उपाशी-तहानलेला राहणार नाही अशी खात्री व्हावी, आणि हिने जावं.

आल्या पावली परत फिरलो.

२५ मार्च

आज पुन्हा बादली घातली. चारही झाडांना. मुळं केव्हाच सावरलीत. मुद्दाम घातली.

२९ मार्च, शनिवार

पाच दिवस झाले. पोरगी व्हॉल्व हातानेच उघडते, हातानेच बंद करते. झाडं तगली. खांबांकडे मात्र फिरकतही नाही. जीव उडाला बहुतेक त्यांच्यावरून.

संध्याकाळी म्हणाली, "बाबा, माती बघा ना. तुमचा हात काय म्हणतो?" मी मूठ दाबून ऐटीत सांगितलं, "खालच्या तुकड्याला अजून तासभर दे." ती ऐकून तशीच माझ्याकडे बघत राहिली. वाटलं, काही विचारणार. नाही विचारलं.

बरं वाटतंय. रोज दोन कप चहा, दोन ताटं, दारात तिच्या चपला. माणसाला आणखी काय लागतं! असं स्वतःला समजावतोय पाच दिवस.

२ एप्रिल

पोरीचा वाढदिवस. चौतीस. कोणी आलं नाही. इथे येणार तरी कोण? केक तिनेच आणला, तिनेच कापला. दोन तुकडे, बाकीचा फ्रीजमध्ये. टाळ्या वाजवायला मी एकटा! हसत होती बिचारी.

ही असती तर मला चांगलं फैलावर घेतलं असतं. "पोरीला कोंडून ठेवलंत की हो!"

६ एप्रिल, रविवार

सांगितलं. चहाच्या वेळी, एका दमात. "ते यंत्र चांगलं आहे, पोरी. मीच रोज बादली घालत होतो. आधी मुळांच्या काळजीने. मग तुझा फोन ऐकला, आणि मुद्दाम."

तिने कप खाली ठेवला. वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. उठली आणि बागेत गेली. दुपारी जेवणं झाली, मीठ दे, पाणी दे, एवढंच बोलणं. आज बादली घातली नाही. पुन्हा कधी घालणार नाही.

७ एप्रिल, सोमवार

सकाळी तिने फोन माझ्यापुढे धरला. ओलीची रेघ. रोज सव्वासहाला टोक वर गेलेलं. "फळगळ झाली तेव्हाच बघितली होती, बाबा. मग दोन दिवस रेघ सपाट होती. म्हटलं, तुम्ही जा म्हणताय. त्या फोननंतर तुम्हाला पंपघरापासून परत जाताना बघितलं, आणि तिसऱ्या दिवशी परत सुरू झाली. मला वाटलं, बोलता येत नाही म्हणून असं थांब म्हणताय. म्हणून कळवून टाकलं त्यांना, नाही येत."

रागावली नव्हती. तेच फार लागलं.

विचारलं, "तुला जायचं होतं?"

"हो."

ऑफिसातल्या त्या जागेवर गेल्या शुक्रवारी दुसरी मुलगी रुजू झाली.