नावेच्या गाण्याचं तिसरं कडवं

मानवत, ७ फेब्रु. १९८४

बाजारतळावर सिनेमाचा तंबू लागला. दरवर्षी लागतो म्हणे. मला काय ठाऊक. सगळी नोकरी गंगाखेडच्या जिनिंगमध्ये गेली, सौ. इथं, मी तिथं, आठवड्याला एक फेरी. यंदा घरी आहे. आणि दरवर्षी दाखवतात तोच पिक्चर यंदाही, नावेच्या गाण्याचा.

निजामाच्या वेळेला परभणीत पाहिलेला. खेळ सुटल्यावर गाडीत बसलो, दोन कडवी गुणगुणत. पुढचं स्टेशन येईपर्यंत तिसरं निसटलं. शाळेतली एकही कविता अजून चुकत नाही, हे एवढंच राहून गेलं. आधी नदी, मग चांदणं, मग...

एकदा नीट ऐकायचं. बस्स.

८ फेब्रु.

डोकं उठलं. हा पिक्चर कुणी पाहायला येतच नाही, करायला येतात. पडद्यावरच्या प्रधानानं तोंड उघडण्याआधी निवृत्ती (आमच्या गल्लीतला, मेंढरं राखतो) त्याचं वाक्य म्हणून मोकळा. प्रधान आला की चपला बडवायच्या. फुलं पडतात तिथं घरून आणलेला कापूस उधळायचा. नाकात कापूस, कानात कापूस. नावेचं गाणं लागलं की अख्खा तंबू उभा राहून डुलत गळा फाडतो. तिसऱ्या कडव्याला तंबूवाला मौलासाब पडदाच काळा करतो, का तर लोकांना अंधारात बॅटऱ्या नाचवायच्या असतात. नटीचा एक शब्द ऐकू आला असेल तर शपथ. वर वन्स मोअर. रीळ मागं घेऊन पुन्हा तेच.

निवृत्तीला म्हटलं, अरे ऐकू दे की. तर म्हणतो, "तात्या, ऐकायचं आसंल तर घरी रेडू लावा. हितं म्हनायचं आस्तंय."

९ फेब्रु.

आज बंद, नामांतराचा. तंबूही उघडला नाही. दिवसभर शांतता, पण काय उपयोग. नदी, चांदणं... 'ओंजळ' असा काही शब्द होता का? की तो दुसऱ्याच कवितेतला?

१० फेब्रु.

पुन्हा गेलो. दोन कडवी कशीबशी सोसली. तिसऱ्याला अंधार झाला आणि कनातीपलीकडून, बायकांच्या बाजूनं, एक आवाज असा चढला की गडीमाणसंही तिच्या मागून म्हणू लागली. माझा तोल गेला. उभा राहून ओरडलो, "कोण किंचाळायलीय ती? दुसऱ्याला ऐकू द्या जरा." मग पलीकडून कुणी बाई म्हणाली, "तात्या, तुमचीच मालकीन हाय की." हशा.

येताना सौ. पुढं पुढं चालत होती. ताट वाढून आत गेली.

तिचा आवाज मला ओळखू आला नाही. पण मी तो गाताना ऐकला होता कधी?

११ फेब्रु.

सकाळी मौलासाबकडे गेलो. म्हटलं, एक खेळ शांततेत दाखवा, दुपारचा. तो कानकोंडा झाला. "तात्यासाब, लोकं गातेत म्हनून येतेत. आन् गायलेलंच बरं आस्तंय." मी हटलो नाही. शेवटी भोंग्यावरून पुकारलं, दुपारचा खेळ तात्यांसाठी, गुपचूप.

सगळे आले. मुद्दामच. हाताची घडी, ओठ मिटलेले, तपासनीस आल्यावर वर्ग बसतो तसे. सौ. आली नाही. "तुमचं तुमी ऐका, जावा," एवढंच.

नाव निघाली. पहिलं कडवं. काय तो गळा. गाडीची खिडकी, वारा, सगळं परत... दुसरं, चांदणं. मी डोळे मिटून घेतले. तान वर गेली आणि खट्. डोळे उघडले तर राणी दरबारात. नाव नाही, नदी नाही.

निवृत्ती हळूच म्हणाला, "झालं का समाधान?"

मौलासाब बाहेर येऊन म्हणाला, "रीळ घेतलं तवाच तेवढा तुकडा नव्हता. म्हनून तर अंधार करतो. लोकं म्हनतेत, मंग दरबार लावतो. इतक्या वर्षांत कोनाच्या ध्यानात न्हाई आलं."

मग तंबूत जे तिसरं म्हणतात ते कुणाचं? घरी येऊन सौ.ला विचारलं. हातातली भाकरी थापून तव्यावर टाकली. मग, "आमचंच. कापूस येचताना म्हनायचो. पिक्चरमधलं हाय का बायांनी जोडलेलं, कोन बघायलंय."

शब्द सांग म्हटलं.

"किंचाळलेलं तुमाला कळंल व्हय?"

१२ फेब्रु.

शेवटचा खेळ आज संध्याकाळी. उद्या तंबू सेलूला.

सकाळपासून विचारतोय. चुकलं असंही म्हणालो, आडून आडून का होईना. तिचं एकच, "ते एकटीनं म्हनायचं नसतंय. तंबूत या. पन घडी घालून बसायचं आसंल तर नगा येऊ."

आता तिथं जाऊन मी गळा फाडायचा? शाळेतसुद्धा मी कविता नुसती म्हणायचो, चाल कधी जमली नाही. आणि माझं हरवलेलं कडवं ते हेच, हे तरी कशावरून? तिलाच ठाऊक नाही. पण त्या तंबूबाहेर आता ते कुठल्या तोंडात उरलंय?

सौ. कुलूप-किल्ली हातात घेऊन दारात उभी आहे. मी लिहितोय हे तिला दिसतंय.

"दोघांच्या मागं कुलूप लावू, का किल्ली तुमच्याजवळ देऊ?" विचारायलीय.